ज्योतीचं वजन

महाराज निघून गेले हे ज्या रविवारी कळलं, त्या रविवारीसुद्धा बोईसरजवळच्या सरावलीच्या हॉलबाहेर दोनशे माणसांची रांग होती. शटर खाली होतं, दोन कुलपं लावलेली होती. दारावरचा फलक कोणी काढून नेला होता आणि भिंतीवर त्याच्या आकाराचा चौकोन तेवढा स्वच्छ दिसत होता. तरी रांग मोडत नव्हती. कारखान्यातली पोरं होती, चाळीतल्या बायका होत्या, डोंगरपट्टीतून टमटमने आलेली माणसं होती. प्रत्येकाच्या हातात फडक्यात गुंडाळलेला एक बल्ब होता. त्याला बल्ब म्हणायचं नाही, असं महाराजांनी बजावलं होतं. ज्योत म्हणायचं.

सगळ्यांच्या ज्योती मंदावल्या होत्या, आणि त्या भरून घ्यायचा वार रविवार होता.

"आठला उघडतात," कोणीतरी म्हणालं.

"दहा वाजून गेले."

"महाराज समाधीत असतील."

"बाहेरून कुलूप लावून?" मागून एक ट्रकवाला म्हणाला. कोणी हसलं नाही.

रांगेत एकोणिसावे कृष्णकांत चुरी होते. वय अडुसष्ट, मुरब्याचे. बोईसरच्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी बत्तीस वर्षं ट्रकचा वजनकाटा सांभाळला होता. शर्टाच्या आत, छातीशी धरून त्यांनी आपली ज्योत आणली होती.

साडेदहाला हॉलचा रखवालदार सायकलवरून आला. गर्दी बघून तो दचकलाच.

"अरे भाई, किसके लिए खड़े हो? वो लोग तो परसों ही चले गए. टेम्पो भरके."

मितेश रांगेच्या पुढेच उभा होता. मुरब्यातून, सातपाटीतून माणसं आणायचं काम त्याचंच. त्याने फोन लावला. कानाला लावून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "बंद लागतोय."

तेव्हा कुठे रांग मोडली. एक बाई मटकन खाली बसली. कोणी शटरवर लाथा घालू लागलं. "मेरे बच्चे की फीस थी," असं एक माणूस एकेकाला गाठून सांगत फिरत होता. कृष्णकांत जागेवरच उभे राहिले. त्यांचे पंचेचाळीस हजार गेले होते. पण त्या क्षणी त्यांच्या मनात पैसे नव्हते. आता ही ज्योत भरणार कोण, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"काका, तुमी इथे?"

देवूची स्वाती होती. देवू त्यांच्या वाडीतले नारळ पाडायला यायचा. त्याची ही मुलगी आयटीआय करून वायरमन झाली होती आणि बोईसरच्या एका ठेकेदाराकडे छपरावर सोलर बसवायच्या कामाला होती. खांद्याला हत्यारांची पिशवी, पायात जाड बूट. तिने त्यांच्या छातीशी धरलेल्या वस्तूकडे बघितलं.

"हा कितीला घेतला?"

"घेतला नाही. दिला त्यांनी. ज्योत आहे ती."

"काका, हा बोईसरला दुकानात साडेतीनशेला मिळतो."

"तुला काय ठाऊक गं? सगळं तुझ्या पिशवीतल्या पक्कडीने मोजायचं का?" कृष्णकांत एवढ्या जोरात बोलले की आजूबाजूचे वळले. स्वातीने पिशवी खांद्यावर सारली आणि ती निघाली. ते बसने घरी आले.

*

त्यांची बायको विजया गेल्या मे महिन्यात गेली. फुप्फुसांचा आजार होता. दीड वर्ष खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन चालू होतं, रात्रंदिवस. घुर्र, ठक्. घुर्र, ठक्. त्या आवाजाशिवाय कृष्णकांतना झोप लागत नसे. बिल चारशेवरून साडेतीन हजारांवर गेलं. तेव्हा घरात सोलरची बोलणी सुरू झाली. ते दोन ठिकाणी चौकशी करून आले, कागद आणले, आणि ठेवून दिले. एवढा पैसा एकदम घालायचा, पुढे दवाखान्याला लागला तर? असं करता करता वर्ष गेलं.

मेमधल्या एका दुपारी वारा सुटला आणि गावाबाहेरच्या कातळसड्याच्या बाजूला तारांवर झाड पडलं. वीज गेली. वीज गेल्यावर वापरायचा ऑक्सिजनचा सिलिंडर ऐन त्याच दिवशी भरायला बोईसरला पाठवलेला होता. अर्ध्या तासाच्या अंतरावर वीज बनवणारी अणुभट्टी, आणि विजयाच्या खाटेशेजारचं मशीन मुकं. रिक्षा आणेपर्यंत, रिक्षा खाडीच्या पुलापर्यंत पोचेपर्यंत, ती गेली. घरी परत आणली तेव्हा पंखा फिरत होता.

त्यानंतर कृष्णकांत एकच गोष्ट म्हणत राहिले. वेळेवर सोलर बसवलं असतं तर ती असती. लोक म्हणायचे, नका असं बोलू. पण तसं नाही, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर मितेश आला. "काका, एकदा सरावलीला चला. अर्कतेज महाराज म्हणून आलेत. न जाणारी वीज देतात."

न जाणारी वीज. मितेश आणखी बरंच काही बोलला, पण कृष्णकांतनी पुढचं ऐकलंच नाही.

हॉल खच्चून भरला होता. महाराज केशरी जाकिटात, डोळ्यांना काळा चष्मा. आवाज मात्र लग्नातल्या निवेदकासारखा.

"सरकारी सूर्य सहाला मावळतो," महाराज सांगत होते. "पावसात तोंड लपवतो. झाडाच्या सावलीला भितो. तो जड सूर्य! आमच्या सिद्ध प्लेटा छपरावर ठेवा, रात्री चालतील, श्रावणात चालतील, सावलीत चालतील. एकही माड तोडावा लागणार नाही. मीटर म्हणजे काय? मीटर म्हणजे अहंकार. गरगर फिरतो. ज्याचा अहंकार थांबला त्याचं मीटर थांबलं! आणि बिल? बिल म्हणजे प्रारब्ध. या पीठात येऊन कोणाचं प्रारब्ध शून्य झालं, हात वर करा!"

पुढच्या दोन रांगांतले सगळे हात वर झाले. ते दर रविवारी तेच लोक असत, हे नंतर लक्षात आलं.

मग महाराजांनी गर्दीतल्या एका पोराला बोलावून हॉलचा मेन स्विच पाडायला लावला. पंखे थांबले. माईक बंद पडला. मखरावरचे पाच दिवे मात्र जळत राहिले. दोनशे माणसांच्या तोंडून एकदम श्वास सुटला. महाराजांची शक्ती दिव्यांपर्यंत आली तर पंख्यांपर्यंत का आली नाही, हे कोणाच्या मनातही आलं नाही. सगळे घामाघूम होऊन हात जोडून उभे.

"ज्याचं माणूस अंधारात गेलं, त्याने पुढे यावं," महाराज म्हणाले.

मितेशने कृष्णकांतना हळूच ढकललं.

महाराजांनी त्यांच्या तळव्यावर तीर्थ घातलं. ओल्या तळव्यावर एक बल्ब उभा ठेवला. ना वायर, ना होल्डर. बल्ब पेटला. पांढरा, शांत.

"नाव काय तिचं?"

"विजया."

"ही घ्या. आली."

बत्तीस वर्षं कृष्णकांतनी ट्रकवाल्यांना काट्यावर पकडलं होतं. भरलेली गाडी तोलताना केबिनमध्ये चार माणसं बसवायची आणि रिकामी तोलताना उतरवायची, म्हणजे मालाचं वजन वाढतं. हे सगळे प्रकार त्यांना तोंडपाठ. ड्रायव्हर देवाची शपथ घ्यायचा, तेव्हा कृष्णकांत केबिनचं दार उघडून बघायचे. त्या दिवशी त्यांनी काही उघडून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सोलरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले पंचेचाळीस हजार त्यांनी 'संकल्प' म्हणून भरले. प्लेटा होळीपर्यंत येणार होत्या. ज्योत लगेच मिळाली.

रोज संध्याकाळी ते हात ओला करून ती तळव्यावर धरायचे. पाच मिनिटं, जास्त नाही. महिन्याभरात ती मंद झाली. "श्रद्धा कमी पडतेय," महाराज म्हणाले, आणि पाचशे रुपये घेऊन आतल्या खोलीतून तासाभराने भरून दिली.

*

त्या रविवारी रात्री कृष्णकांतना स्वातीचं बोलणं टोचत राहिलं. साडेतीनशेला मिळतो. सकाळी उठल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातला साधा बल्ब काढला. एका हातात तो, दुसऱ्या हातात ज्योत. काट्यावरच्या माणसाचा हात होता तो. वजनातला फरक त्याला लगेच कळला. आपण तीन महिने ही वस्तू रोज हातात धरली आणि आपल्याला हे कळलं नाही, याचीच त्यांना आधी लाज वाटली.

कोपऱ्यावर बायडी मासळी घेऊन बसली होती. तिच्यापुढे इलेक्ट्रिक काटा.

"बायडे, जरा काटा दे."

"काय तोलताय भाऊ? बल्ब? तळून खाणार काय?"

"पाटी पूस आधी. शून्य कर."

साधा बल्ब अठ्ठावन्न ग्रॅम भरला. ज्योत एकशे बेचाळीस.

कृष्णकांतनी दोन्ही परत उचलले, परत ठेवले. आकडे तेच.

"चौऱ्याऐंशी ग्रॅम जास्त," ते म्हणाले.

"मग? भारी कंपनीचा असेल."

"आत कोणीतरी बसलंय, बायडे. केबिनमध्ये."

बायडीला काही समजलं नाही. पण भाऊंचा चेहरा बघून तिने पुढे थट्टा केली नाही.

संध्याकाळी कृष्णकांतनी देवूकडे निरोप पाठवला. स्वाती कामावरून थेट आली. ती दारातच घुटमळली.

"काल ओरडलो तुझ्यावर," कृष्णकांत म्हणाले. "बस. हे उघड. आत चौऱ्याऐंशी ग्रॅमचा माणूस लपलाय."

"नक्की? मग परत तसा राहणार नाय."

"उघड."

तिने बाजूने पातळ स्क्रूड्रायव्हर घालून वरची पांढरी टोपी काढली. आत गोल पट्टीवर एलईडीचे बारीक दाणे, आणि बुडाशी निळ्या कागदात गुंडाळलेला, बोटाएवढा सेल.

"हा बघा तुमचा माणूस. वीज असली की हा होल्डरमधून भरतो. वीज गेली की आपोआप पेटतो. दुकानदार वीज गेल्यावर चालणारा बल्ब म्हणून विकतात. बुडाला हे दोन ठिपके हायत ना, ते ओल्या हाताने जोडले की त्याला वाटतं आपण होल्डरमध्ये हाय आणि वीज गेलीय. म्हणून तीर्थ. कोरड्या हाताला धड पेटत नाय."

"आणि मेन स्विच पाडला तरी दिवे चालू होते ते?"

"सगळे हेच बल्ब. पंख्यात सेल नसतो, म्हणून पंखे थांबले."

"श्रद्धा कमी पडते म्हणजे?"

"सेल उतरतो. आतल्या खोलीत होल्डरला लावून भरत असतील. पाचशे रुपये! चार्जिंगला अर्धा रुपया पण लागत नाय."

कृष्णकांतनी तो सेल हातात घेतला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. खाटेशेजारी मशीन तसंच होतं, त्यावर विजयाच्या जुन्या साडीचा तुकडा झाकलेला.

"स्वाती, मला खरंखुरं सोलर बसवायचं आहे. ठेकेदाराला सांग. हिशेब काय तो कर."

स्वातीने बाहेर जाऊन छप्पर बघितलं, मीटर बघितलं, कपाटातलं बिल मागितलं. परत येऊन बसली.

"काका, खरं बोलू? तुमाला सोलर नको."

"म्हणजे?"

"तीन किलोवॅटचं बसवायला अनुदान वजा जाऊन अंदाजे सव्वा लाख लागतात. मशीन चालू होतं तेव्हा बिल साडेतीन हजार होतं. तेव्हा बसवलं असतं तर तीन-साडेतीन वर्षांत पैसे फिटले असते, पुढची वीस वर्षं फायदा. पण आता तुमचं बिल चारशे. त्यातलं स्थिर आकाराचं, म्हणजे दर महिन्याचं ठरलेलं, भरावंच लागतं, शून्य होत नाय कोणाचंच. वाचतील अडीचशे. सव्वा लाख फिटायला चाळीस वर्षं."

"मी एकशे आठ वर्षांचा होईन."

"लहान एक किलोवॅटचं लावलं, पंचेचाळीस हजारांचं, तरी पंधरा वर्षं. शिवाय खाऱ्या वाऱ्यात प्लेटा पुसायला लागतात. पूर्वेच्या माडांची सावली छपरावर दहापर्यंत असते. सावलीत वीज बनत नाय. आणि सोलरचा इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो. ज्यांचं बिल दोन-तीन हजार येतं त्यांना मी हात धरून सांगते, बसवा. तुमाला नाय सांगणार."

"मला बिलासाठी नको आहे," कृष्णकांत म्हणाले. मग त्यांनी ते सांगितलं, जे ते नऊ महिने सगळ्यांना सांगत होते. वेळेवर बसवलं असतं तर त्या दुपारी मशीन थांबलं नसतं.

स्वातीने मान हलवली. "थांबलं असतं."

"काय?"

"साधं सोलर वीज गेली की बंद पडतं, काका. भर उन्हातसुद्धा. तसंच बनवलेलं असतं ते. वीज गेली म्हणजे लायनीवर माझ्यासारखं कोणीतरी चढलेलं असतं. आपल्या छपरावरून करंट तारेत गेला तर तो माणूस मरेल. म्हणून ते आपोआप तुटतं. तुमी ज्या दोन ठिकाणी विचारलं होतं, ते बॅटरीवालं होतं?"

कृष्णकांतनी उठून कागद आणले. स्वातीने ते खिडकीशी नेऊन वाचले. "नाय. दोन्हीत बॅटरी नाय. हे बसवलं असतं तरी त्या दुपारी मशीन बंदच पडलं असतं."

नऊ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना 'तसं नाही' म्हणालं होतं. कृष्णकांतनी डोळे मिटले. खांद्यावरून काहीतरी खाली ठेवल्यासारखं झालं. पण ते काट्यावरचे होते. एकदा तोलून त्यांचं कधीच समाधान झालं नव्हतं.

"मग त्या दुपारी कशाने चाललं असतं?"

स्वाती कागदांची घडी घालत राहिली.

"सांग बाय. महाराजांसारखं बरं वाटेल ते सांगू नको."

"साधा घरगुती इन्व्हर्टर आणि एक बॅटरी," ती हळू म्हणाली. "पंचवीस हजारांची. मशीन तीन तास चाललं असतं. वीज किती वेळ गेली होती?"

"दोन तास दहा मिनिटं."

बाहेर देवू मुलीला न्यायला येऊन उभा होता. त्याने आत बघितलं आणि ओट्यावर बसला.

"त्या दुपारनंतर काकी किती दिवस राहिल्या असत्या, ते मला नाय माहीत," स्वाती म्हणाली. "ते डॉक्टरांना विचारा."

"विचारलं नाही मी," कृष्णकांत म्हणाले. "सगळं त्या प्लेटांवर घातलं, आणि कोणाला काही विचारलंच नाही."

*

पुढच्या रविवारी त्या बंद शटरसमोर परत माणसं जमली. या वेळी शंभर असतील. काही पैशांसाठी आली होती, पण काहींच्या हातात अजून फडक्यातले बल्ब होते. महाराज हिमालयातून शक्ती घेऊन परत येणार, अशी बातमी उठली होती. मितेशनेच उठवली असावी. त्याला माणसामागे हजार रुपये मिळाले होते आणि मुरब्यात त्याला तोंड दाखवायला जागा नव्हती.

कृष्णकांतनी बायडीचा काटा मागून आणला होता. तो हॉलच्या पायरीवर ठेवला. शेजारी साधा बल्ब, आणि उघडलेली ज्योत. स्वाती मागे उभी राहिली.

"मी कृष्णकांत चुरी, मुरब्याचा. मी पण पंचेचाळीस हजार दिलेत," ते म्हणाले. "माझी बायको या बल्बात आली असं मला सांगितलं आणि मी ते मानलं. आता हे तोला."

ट्रकवाला पुढे आला. त्याने आपला बल्ब ठेवला. एकशे एक्केचाळीस. दुसऱ्याने ठेवला. एकशे त्रेचाळीस. स्वातीने नळावर हात ओला करून तिसऱ्याचा बल्ब तळव्यावर उभा केला. तो मिणमिणता पेटला. मग तिने हात पुसून कोरडा केला, तेव्हा पेटेना.

"लो, ये भी महाराज बन गई!" कोणीतरी ओरडलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा तिथे लोक हसले.

"काका, तुमचं दुःख तुमच्याकडे ठेवा, लोकांची श्रद्धा कशाला मोडता?" मितेश गर्दीतून म्हणाला.

"मितेश, श्रद्धा तोलायला मी आलो नाही. बल्ब तोलायला आलोय," कृष्णकांत म्हणाले. "डोळ्यांनी बघितलं ते खोटं नव्हतं. बल्ब पेटला होता. पण आपण भरलेली गाडी बघितली, रिकामी बघायला मागितली नाही. पंखे का थांबले, हे विचारलं नाही. पुढच्या वेळी कोणी काही द्यायला आला, महाराज असो नाहीतर कोट घातलेला कंपनीचा माणूस असो, त्याला विचारा. वीज गेल्यावर चालेल का? सावलीत चालेल का? माझ्या बिलाला हे परवडेल का? पैसे किती वर्षांत फिटतील, कागदावर लिहून दे म्हणा. जो चिडेल त्याच्याकडून काही घेऊ नका. आणि ज्याच्या घरात मशीनवर माणूस आहे, त्याने चमत्काराची वाट बघू नये. आजच डॉक्टरला विचारा, वायरमनला विचारा. मी नाही विचारलं."

माणसं एकेक करून काट्याशी आली. एक बाई आली नाही. सोमी. डोंगरपट्टीतली, चाळींमध्ये धुणीभांडी करणारी. तिचा मुलगा कारखान्यात विजेचा धक्का लागून गेला होता. तिने आपला बल्ब पदरात घट्ट धरला होता.

"माझा तोलू नका, दादा."

"नाही तोलत."

"नुसता भरून द्याल?"

कृष्णकांतनी स्वातीकडे बघितलं. मग ते म्हणाले, "भरून देईन. पैसे नको. पण बाय, आत सेल आहे. विजेवर भरतो. बाकी काही नाही."

"असू दे," सोमी म्हणाली, आणि बल्ब त्यांच्या हातात दिला. हातावर ठेवल्याबरोबर त्यांना वजन कळलं.

त्या दिवशी पोलिसांत तक्रार लिहिली. तीनशेच्या वर लोकांनी पैसे दिले होते. सह्या अकरा झाल्या. बाकीच्यांना लाज वाटते. मितेश दोनदा चौकीच्या दारापर्यंत येऊन परत गेला. महाराज सापडलेले नाहीत. सोमी दर महिन्याला बल्ब घेऊन येते, कृष्णकांत तो स्वयंपाकघरातल्या होल्डरला लावतात, तिला चहा देतात आणि दर वेळी तेच सांगतात. तिला अजून पटलेलं नाही.

विजयाचं मशीन चालू स्थितीत आहे. ते आरोग्य केंद्राला द्यायचं, सोबत पंचवीस हजारांचा इन्व्हर्टर आणि बॅटरी घेऊन द्यायची, असं कृष्णकांतनी ठरवलं आहे. बॅटरी आणून ओट्यावर ठेवली आहे. मशीन अजून खाटेशेजारीच आहे.